दोन बोटं माया

“कापलेलं परत जोडता येतं का? सांग ना! एवढी मास्तरीण म्हणवतेस ती!”

“जोडायचंय कुणाला, ताई? नको असलेलं कापून टाकायचंय मला. जास्तीचं कापड उरलं की काय करतो आपण?”

“कापडाला भूक लागत नाही.”

“म्हणून ते फुगत नाही. मला लागते, मी फुगते. सोपं आहे.”

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या मावशी फिस्सकन हसल्या आणि दोरा दातानं तोडायचं निमित्त करून त्यांनी मान खाली घातली. दुपारची सुट्टी होती. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, दोघी बहिणींचे डबे उघडे, आणि घास कुणीच घेतलेला नाही. दोघींच्या मध्ये कापायचं टेबल, टेबलावर निम्मा बेतलेला निळा कोट, आणि कोटावर हॉस्पिटलनं दिलेला कागद. कागदावर वजन उतरवायच्या तीन उपायांचे तीन चौकोन होते. फुगा, स्लीव्ह, बायपास. चार वाजता तिकडून फोन येणार होता आणि कुठला चौकोन ते मास्तरणीनं सांगायचं होतं.

“फुग्यावर कर खूण,” ताई म्हणाली. “पोटात सोडतात, सहा महिने ठेवतात, काढून घेतात. कापाकापी नाही, टाके नाहीत.”

“आणि सहा महिन्यांनी? फुगा जाईल आणि मी राहीन. फुगलेली!”

“मग काहीच करू नकोस.”

“आणि गुडघे? गुडघे काय तू उसने देणार आहेस?”

ताईनं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं.

मास्तरणीला मास्तरीण कुणी केलं ते कुणालाच आठवत नाही. सतराव्या वर्षी तिनं वडिलांचा जुना कोट उसवला, तुकडे जमिनीवर पसरले, कागदावर त्यांच्या कडा गिरवल्या आणि त्यावरून नवा कोट बेतला. तो वडिलांना जुन्यापेक्षा चांगला बसला. तेव्हापासून कात्री तिच्या हातात आणि टेप ताईच्या. ताई तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ताई मापं घेणार आणि आकडे सांगणार, मास्तरीण लिहिणार आणि कापणार, अशी वाटणी तेव्हाच पडली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

दोघीही अंगानं भरलेल्या. मास्तरीण तर लहानपणापासून चांगली ऐसपैस. त्याची लाज मात्र तिला कधी शिवली नाही. शाळेत एकीनं तिला पिंप म्हटलं, तेव्हा हिनं तिला शांतपणे विचारलं होतं, “किती लिटरचं?” पुढे दुकान चालायला लागल्यावर गावभरच्या जाड बायका आणि पोट सुटलेले पुरुष तिच्याचकडे यायला लागले. तिच्या हातचा कोट घातला की माणूस जाड दिसत नाही, भारदस्त दिसतो, असं लोक म्हणायचे. खांदा कुठे उचलायचा, बाही जोडायचा मुंढा किती खोल घ्यायचा, बटण कुठे लावलं की पोट बघणाऱ्याच्या नजरेला अडत नाही, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ते तिला आरशातून समजलं होतं.

ताईनं त्यात आपली एक भर घातली होती. चाळीसच्या वरची कंबर ती कधी मोठ्यानं सांगायची नाही. कोणे एके काळी बाहेर चार गिऱ्हाइकं बसलेली असताना तिनं एका बाईंची कंबर खणखणीत आवाजात सांगितली होती आणि त्या बाई पडद्यामागेच रडायला लागल्या होत्या. त्या दिवसापासून ताई चाळीस गिळून वरचाच आकडा बोलायची. ताई “सहा” म्हणाली की मास्तरीण मुकाट्यानं सेहेचाळीस लिहायची. सेहेचाळिसाचं गिऱ्हाईक आपल्याच कमरेला टेप असूनही बुचकळ्यात पडायचं, पण खूश व्हायचं.

ही सवय हॉस्पिटलातही अंगाशी आली. पहिल्या खेपेला तिथली नर्स मास्तरणीच्या कमरेभोवती टेप फिरवत होती. ताईला ते बघवेना. “अहो, टेप मागून तिरपी गेलीय तुमची. द्या इकडे,” असं म्हणत तिनं टेप हिसकावलीच, माप घेतलं आणि सव्वीस वर्षांच्या जोरावर म्हणाली, “चौदा.” नर्सनं चौदा लिहिलं. थोड्या वेळानं सर्जनबाई फाइल वाचत आत आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “ही कुणाची फाइल? बाहुलीची?” मास्तरीण इतकी हसली की खुर्ची करकरली.

पण त्या खुर्चीपर्यंत ती हसत हसत आली नव्हती. गेलं वर्षभर तिचे गुडघे सकाळी अकरानंतर बंद पडायचे. मग ती उंच स्टुलावर बसून कापायची. टेबलाखाली विटा लावून उंची वाढवली, पायाखाली फळी घेतली. पण बसून कापण्यात मजा नाही. कात्रीमागे सगळं अंग लागतं. आणि दोन महिन्यांपूर्वी जे कधी झालं नव्हतं ते झालं. एका लग्नाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या तिनं डाव्या हाताच्या कापल्या. एक बाही कापून झाली की कापड उलटं करायला टेबलाला वळसा घालून पलीकडे जावं लागतं. त्या दिवशी तिला उठवेना. ती बसल्या जागेवरून वाकली, कापड ओढलं, आणि उलटायचं राहून गेलं.

शिकाऊ मुलगीही असली चूक दुसऱ्या आठवड्यात सोडून देते. मास्तरणीनं त्या दोन डाव्या बाह्या खुंटीला टांगल्या आणि दुसऱ्याच दिवशी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, आधी वजन. वजनासाठी तिनं याआधी काय काय केलं होतं ते तिलाच माहीत. उपास केले, सूप प्यायली, मैलोन्‌मैल चालली. प्रत्येक वेळी वजन पाहुण्यासारखं जायचं आणि येताना सोबत दोघांना घेऊन यायचं. शेवटी तिनं सर्जनबाईंची वेळ घेतली. नवऱ्याला विचारलं, तर तो रेडिओचं पोट उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, “तू बेतशील ते.” झालं.

सर्जनबाईंनी सगळं चित्र काढून समजावलं होतं. “स्लीव्ह म्हणजे बघा, पोटाचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग आम्ही कापून काढून टाकतो. उरते ती एक लांबट नळी. बाहीसारखी.”

“पूर्ण की अर्धी?”

“काय?”

“बाही हो!”

सर्जनबाईसुद्धा हसल्या होत्या. मग बायपास समजावला. वरती पोटाची छोटीशी पिशवी शिवायची, पुढे आतड्याचा जोड द्यायचा, अन्न नव्या वाटेनं न्यायचं. जोड दोन, सांभाळणं जास्त, गोळ्या जन्मभर. गोळ्या स्लीव्हलाही चुकत नाहीत, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. “ऑपरेशन म्हणजे जादू नाही. निम्मं काम आम्ही करणार, निम्मं तुम्ही.” मास्तरणीला बाई आवडल्या. निम्म्या निम्म्या कामाची तिला सवय होती. आणि स्लीव्ह तर फारच आवडली. एक काप, एक शिवण, काम फत्ते. दोन बाह्यांनी घालवलेली अब्रू एका बाहीनं परत आणायची, हे तिनं हॉस्पिटलच्या जिन्यातच ठरवून टाकलं.

“पस्तावशील,” ताई आता म्हणाली. शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

“तू पस्तावलीस म्हणून मीही पस्तावायचं?”

“मी निदान काढून टाकू शकले.”

आता पट्ट्याचा विषय निघणार हे मावशींनाही कळलं. त्यांनी काज अर्धं सोडून सुई रुमालाला टोचली. अकरा वर्षांपूर्वी ताईनं पोटाला पट्टा बसवून घेतला होता. सिलिकॉनचा, पोटाच्या वरच्या भागाला आवळणारा, हवा तेव्हा घट्ट आणि हवा तेव्हा सैल करता येणारा. ताई तेव्हा झरझर उतरली. मास्तरणीनं तिला तपकिरी कोट शिवून दिला. ताई तो घालून रस्त्यानं निघाली की मास्तरीण दुकानाच्या दारात उभी राहून बघायची. मग पट्टा सैल झाला, पुन्हा सैल झाला, आणि पाचव्या वर्षी काढून टाकला. वजन परत आलं. कोट कुठे गेला ते मास्तरणीनं विचारलं नव्हतं.

“काढता येतो, काढता येतो, हेच तुझं चुकलं ताई,” मास्तरीण म्हणाली. “दार उघडं ठेवलंस, मग बाहेर जावंसं वाटणारच. दर दोन महिन्यांनी सैल करून घ्यायला कोण धावायचं? मला दारच नको. भिंत पाहिजे.”

ताई उठली. स्टुलाखालची कापडी पिशवी तिनं ओढली आणि तीतून काहीतरी काढून टेबलावर आपटलं. तो तपकिरी कोट होता. अस्तर दोन्ही बाजूंनी उसवलेलं.

“हे बघ.”

“अगंबाई! आहे होय अजून?”

“कडेच्या शिवणीत बघ. किती माया ठेवलीस?”

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. पुढे कपडा सैल करावा लागला तर उसवून त्यातून जागा काढता येते. मास्तरणीला बघायचीही गरज नव्हती. तिच्या बोटांना माहीत होतं. तरी तिनं शिवण चाचपली.

“दोन बोटं.”

“आणि इतरांना किती ठेवतेस?”

कोपऱ्यातून कुणी न विचारता उत्तर आलं, “एक.”

“मावशी, तुम्ही काजं करा!”

“करतेय की,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या हातात सुई नव्हती.

“मला तेव्हा जरा घट्ट व्हायला लागला होता,” ताई म्हणाली. “म्हटलं, आपणच सैल करू, हिला कशाला सांगा. उसवलं आणि बघितलं. इकडे दोन बोटं, तिकडे दोन बोटं. पाठीतसुद्धा. कोट शिवतानाच तुला माहीत होतं की मी परत वाढणार. सगळ्या जगानं माझी पाठ थोपटली, आणि माझ्या बहिणीनं आतल्या बाजूनं जागा करून ठेवली.”

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अगं प्रेमानं ठेवली गं. तो शब्दच तसा आहे, त्याच्या आड लपायला जागा भरपूर. मास्तरीण लपणाऱ्यातली नव्हती. तिनं कोट खाली ठेवला.

“हो. मला वाटलं होतं.”

“काय?”

“की तू परत वाढशील. सारखी पट्टा सैल करून घ्यायचीस. मला वाटलं, तुझा तोंडावर ताबा नाही.”

“तोंडावर!” ताईचा आवाज चढला. “पाणी उतरत नव्हतं माझ्या घशाखाली! पट्टा सरकला होता आत. चार घास खाल्ले की बाथरूममध्ये. नळ सोडून ओकायचे, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.”

“हे कधी सांगितलंस?”

“कशी सांगणार? दारात उभी राहून बघायचीस तू माझ्याकडे. सगळे इतके खूश व्हायचे! डॉक्टरांनासुद्धा मी म्हणायची, छान चाललंय, जरा सैल करा. वेळेवर बोलले असते तर कदाचित दुसरं काही करता आलं असतं. पट्टा घातल्याचा मला पस्तावा नाही आणि काढल्याचाही नाही. गप्प बसल्याचा आहे.”

मावशींनी डोळ्याला पदर लावला. मास्तरणीनं पुढे होऊन ताईचा हात धरायला हवा होता, पण मध्ये टेबल होतं, आणि टेबलाला वळसा घालायचा म्हणजे गुडघे. ती जागेवरूनच म्हणाली, “चुकलं माझं. डोळे मिटून माप काढलं तुझं.”

“माझं राहू दे. स्वतःचं काय?”

“माझं काय?”

ताईनं टाचण्यांचा पत्र्याचा डबा उचलला आणि टेबलावर उपडा केला. टाचण्या पसरल्या. त्यांच्यातून गुलाबी गोळ्यांच्या तीन पट्ट्या बाहेर पडल्या, दोन रिकाम्या.

“पित्ताच्या गोळ्या,” ताई म्हणाली. “लिमलेटसारख्या चघळतेस दिवसभर. आडवं झालं की छातीत आग पडते म्हणून गेली तीन वर्षं आरामखुर्चीत झोपतेस. सर्जनबाईंनी विचारलं, जळजळ होते का? तू काय म्हणालीस?”

“अधूनमधून.”

“का?”

मास्तरीण एकेक टाचणी उचलून डब्यात टाकायला लागली. सर्जनबाईंनी दिलेल्या माहितीपत्रात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की जळजळ फार असेल तर स्लीव्हनं ती वाढू शकते. तिनं ते वाचलं होतं. तिला बाही हवी होती. एक काप, एक शिवण. गिऱ्हाइकानं पोट आत ओढून माप दिलं की ती किती चिडायची! “श्वास सोडा हो, कोट मला नाही घालायचा, तुम्हाला घालायचाय,” असं सुनवायची. आणि स्वतः भर दवाखान्यात पोट आत ओढून उभी राहिली होती.

“ओढलं खरं मी पोट आत,” ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. “चौदा सांगणारी तू बरी गं. माझं तर काय, सगळंच चाळीस वजा!”

फोन चारला पाच कमी असतानाच वाजला.

“हां, बोलतेय. खूण सांगायच्या आधी एक लिहून घ्या. माझी जळजळ अधूनमधून नाहीये. रोज आहे. तीन वर्षं बसून झोपतेय मी... हो, बाईंना द्या ना.”

सर्जनबाई फोनवर आल्या. मास्तरीण ऐकत राहिली, मध्येमध्ये हुंकार देत. ताई कोटाची घडी घालायचं नाटक करत होती. तिची सगळी मान फोनकडे वळलेली.

“रागावलात ना? रागवा, रागवा... दुर्बिणीनं आतून बघणार? बघा की... म्हणजे तुमचं मत बायपासकडे. बरं. पण मला एक सांगा. यात ते जुनं पोट कापून काढत नाहीत ना? आतच राहतं? ... राहतं, पण अन्न त्यात जात नाही. हां.” तिनं तपकिरी कोटाकडे बघितलं. “म्हणजे माया ठेवता तुम्ही पण! ... काही नाही हो, आमच्या धंद्यातला शब्द आहे. आत दुमडलेलं कापड. ... बरोबर, उसवायची नाही. उसवण्यासाठी ठेवलेली नाही. कळलं. लिहा मग बायपास. दुर्बिणीत वेगळं काही दिसलं तर परत बोलू. आता खरं खरं बोलू.”

फोन ठेवून तिनं खडू उचलला. पेन दिसेना म्हणून खडूनंच कागदावर तिसऱ्या चौकोनात फुली मारली. फुली चांगली ठसठशीत उमटली.

“दोन जोड आहेत त्यात,” ताई पुटपुटली. “ते आणि जन्मभर सांभाळायचे.”

“सांभाळीन. उलटी झाली तर तुला सांगेन, नळ न सोडता सांगेन. गोळी चुकली तर तू ओरड. आणि पस्तावायची वेळ आलीच ना ताई, तर उभी राहून पस्तावेन. बसून बसून कंटाळले मी.”

ताईच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. हसू म्हणण्याइतकं ते नव्हतं.

“चल, माप घे,” मास्तरीण म्हणाली.

“कशाला?”

“आजचं राहू दे वहीत. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, टेप सरकते. घे.”

ती टेबलाला धरून उठली, एक पाऊल बाजूला सरकली आणि हात पसरून उभी राहिली. पोट आत न ओढता. ताईनं गळ्यातली टेप काढली, मागून पुढे आणली, सरळ केली, दोन बोटं आत घालून बघितलं. बाहेर शटरखालून बुटांचे दोन जोड दिसत होते. कुणीतरी दुकान उघडायची वाट बघत होतं.

“चोपन्न,” ताई म्हणाली. खणखणीत.

मावशींनी चमकून वर बघितलं. बाहेरचे बूट जरासे हलले. मास्तरणीनं वही ओढली, स्वतःच्या नावापुढे चोपन्न लिहिलं, खाली तारीख घातली आणि आकड्याखाली रेघ मारली.

“छान अक्षर आलं,” ती म्हणाली. मग वही मिटता मिटता तिनं विचारलं, “ताई, वर्षभरानं मी उतरले की माझा कोट तू बेतायचास. कात्री तुझ्या हातात. मी नुसती उभी राहणार. बेतशील?”

ताई टेप गुंडाळत होती.

“आणि माया किती ठेवशील? एक बोट की दोन?”

ताईनं टेप गुंडाळायचं थांबवलं. धाकट्या बहिणीकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. मग “ते तेव्हाचं माप घेतल्यावर ठरेल,” म्हणत टेप गळ्यात टाकली, तपकिरी कोट काखेत मारला, वाकून शटर वर ढकललं, बूटवाल्यांना “या, या, आत या” म्हणाली आणि त्यांच्यामधून वाट काढत भर उन्हात रस्त्यावर निघून गेली.